जनरेटर ठरतो तो पंपावरून

लाइट गेली की आधी पंखा थांबतो, मग मोबाइलची चार्जिंग उतरते. घर खरं अडतं ते टाकीतलं पाणी संपल्यावर. कर्जत आणि खालापूर तालुक्यांत गावातल्या कौलारू घरापासून नदीकाठच्या फार्महाऊसपर्यंत कितीतरी घरांचं पाणी आता बोअरच्या मोटरवर आहे. विहीर असली तरी तिच्यात पंप सोडलेला असतो आणि रहाट कधीच निघून गेलेला असतो. म्हणून जनरेटर घ्यायचा ठरला की दुकानात जाऊन ‘तीन खोल्यांच्या घराला किती केव्हीए लागेल?’ असं विचारू नका. खोल्या मोजून जनरेटर ठरत नाही. मोटर किती एचपीची आहे आणि लाइट सलग किती तास जाते, हे दोन आकडे आधी हातात हवेत. पेट्रोल की डिझेल, कोणती कंपनी, किती आवाज, हे सगळं त्यानंतर.

खोपोलीचं टाटांचं वीजघर १९१५ पासून आणि भिवपुरीचं १९२२ पासून चालू आहे. घाटमाथ्यावरच्या तलावांचं पाणी खाली सोडून आपल्या उशाशी वीज तयार होते, मग आपल्याकडेच लाइट का जाते, असं इथे हमखास विचारलं जातं. ती वीज उच्चदाबाच्या वाहिन्यांवरून मुंबईकडे जाण्यासाठीच उभी राहिली. आपल्या घरात येणारी वीज महावितरणच्या उपकेंद्रातून निघते, फीडरवरून गावच्या डीपीपर्यंत येते आणि तिथून खांबांवरून घरात. वीजघर किती जवळ आहे याने काही फरक पडत नाही, ही शेवटची तार कुठून येते याने पडतो. कशेळे, कडाव, खांडसकडे किंवा चौक, वावोशीकडे ती भाताच्या खाचरांवरून, सागाच्या आणि बांबूच्या बेटांमधून येते. मे अखेरच्या वळवात फांद्या तारेवर पडतात. जुलैत जमीन भिजून खांब कलतात. ऑक्टोबरात परतीच्या पावसाबरोबर विजा येतात आणि इन्सुलेटर फुटतात.

त्यामुळे लाइट जाणं सगळं एका जातीचं नसतं. डीपीवरचा डीओ फ्यूज उडाला किंवा खांबावर तारा जोडणारा जंप तुटला तर वायरमन येऊन अर्ध्या तासापासून तीन-चार तासांत लाइन चालू करतो. खांब पडला किंवा डीपी जळाली तर एक-दोन दिवस जातात. तिसरा प्रकार विरळा, पण विसरण्यासारखा नाही. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्यावर आलं, तेव्हा दक्षिण रायगडातल्या कित्येक गावांत काही आठवडे वीज नव्हती. आपण किनाऱ्यापासून आत आहोत, तरी एवढं मोठं वादळ जिल्ह्यात आलं की खांब, तारा आणि माणसं सगळीच तिकडे लागतात, आणि इकडचं किरकोळ काम मागे पडतं.

या तिन्हींपैकी तुमच्या घराचं दुखणं कोणतं, हे कळायला एक सोपा उपाय आहे. जून ते ऑक्टोबर एक वही ठेवा. लाइट कधी गेली, कधी आली, व्होल्टेज किती होतं, एवढंच लिहा. मोटरच्या स्टार्टर पॅनेलवर व्होल्टमीटर असतोच. वहीमुळे दुसरीही एक गोष्ट उघड होते. काही घरांत लाइट जात नाही, व्होल्टेज पडतं. संध्याकाळी काटा १७० वर येतो, मोटर उचलत नाही, फ्रिज घरघरतो, आणि माणूस जनरेटरचा भाव विचारत फिरतो. ते दुखणं डीपीवर जास्त भार आल्याचं किंवा फीडरच्या शेवटच्या टोकाला असण्याचं असतं. त्यावर १९१२ या फोन क्रमांकावर तक्रार, मग उपविभागात लेखी अर्ज, शक्य तर आळीतल्या दहा घरांच्या सह्यांनिशी, हा मार्ग आहे. वहीतल्या तारखा तिथे उपयोगी पडतात. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या कृतिमानकांनुसार ठरलेल्या वेळेत सेवा मिळाली नाही तर ग्राहकाला भरपाई मागता येते, आणि त्यासाठीही नोंद लागतेच.

आधी इन्व्हर्टरचा हिशेब

वहीत बहुतेक नोंदी तीन-चार तासांच्या आत असतील, तर जनरेटरचा विचार तूर्त बाजूला ठेवा. चांगला इन्व्हर्टर पुरतो. १५० एएच, १२ व्होल्टची एक ट्युब्युलर बॅटरी कागदावर १८०० वॅट-तास देते. बॅटरी पूर्ण रिकामी करायची नसते आणि इन्व्हर्टरही थोडं खातो, म्हणून हातात साधारण १२०० वॅट-तास धरा. दोन जुने पंखे दीडशे वॅटचे, चार एलईडी दिवे छत्तीस वॅटचे आणि राउटर बारा वॅटचा, मिळून दोनशेच्या आत. म्हणजे सहा तास. तेच पंखे बीएलडीसी घेतले तर प्रत्येकी तीसेक वॅट लागतात, एकूण भार शंभराच्या थोडा वर येतो आणि तीच बॅटरी दहा-अकरा तास जाते. दुसरी बॅटरी घेण्याआधी पंखे बदलण्याचा खर्च करून बघा. त्याचा फायदा लाइट असतानाही बिलात दिसतो.

इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्हचाच घ्या. स्क्वेअर वेव्हवर पंखे गुणगुणतात, आणि फ्रिजसारखी मोटर असलेली उपकरणं तापतात.

इन्व्हर्टरची मर्यादा दुसऱ्या दिवशी दिसते. शिशाची बॅटरी पूर्ण भरायला दहा-बारा तास सलग लाइट लागते. मधे दोन तास येऊन परत गेली की बॅटरी अर्धवट भरते, रात्री उतरते, आणि वारंवार असं झालं की लवकर खराब होते. लिथियम बॅटरी लवकर भरते, तिला डिस्टिल्ड वॉटर लागत नाही, आयुष्यही जास्त. किंमत मात्र बरीच वर जाते. शिवाय इन्व्हर्टरवर बोअरची मोटर चालवायची म्हटली तर इन्व्हर्टर आणि बॅटऱ्या दोन्ही इतक्या मोठ्या घ्याव्या लागतात की हिशेब बसत नाही. इथे जनरेटरची गरज सुरू होते.

मोटर उचलली पाहिजे

समजा, कडावजवळ एक घर आहे. सहा दिवे, तीन पंखे, फ्रिज, टीव्ही, राउटर. हे सगळं एकदम चालू केलं तरी पाच-सहाशे वॅटच्या आसपास भार होतो. २ केव्हीएचा छोटा पेट्रोल जनरेटर तो सहज पेलतो. आता त्याच घराची दीड एचपीची सबमर्सिबल मोटर चालू करा. ती चालताना दीड ते पावणेदोन किलोवॅट घेते, पण सुरू होण्याच्या क्षणी त्याच्या तिप्पट-चौपट करंट ओढते. चिखलात रुतलेली गाडी हलवताना पहिला जोर लागतो, तसंच हे. २ केव्हीएचा जनरेटर त्या क्षणी मान टाकतो. मोटर नुसती हुंकारते, फिरत नाही, आणि दोन-चारदा असं झालं की वाइंडिंग जळतं. मग मोटर वर काढा, पाइप काढा, पावसात हे सगळं.

म्हणून ढोबळ माप असं धरा. एक एचपीच्या सिंगल फेज मोटरला ३ केव्हीए, दीड एचपीला ५, आणि तीन एचपीच्या थ्री फेज मोटरला साडेसात ते दहा केव्हीए. तुमची मोटर किती करंट घेते ते स्टार्टर पॅनेलच्या अँपिअर मीटरवर बघा. सुरुवातीचा झटका त्या काट्यावर नीट कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रिशियनकडून टाँग टेस्टर लावून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे आणि त्यावर हजारो रुपयांचा निर्णय ठरतो.

माझं मत असं की बोअरची मोटर जनरेटरवर चालवण्याचा हट्टच बऱ्याच घरांनी सोडावा. जमिनीलगत दोन हजार लिटरची साठवण टाकी करा. लाइट असेल तेव्हा बोअरचं पाणी त्यात पडू द्या. वरच्या टाकीत चढवायला अर्ध्या एचपीचा छोटा पंप बसवा. त्याला दीड ते २ केव्हीए पुरतात, म्हणजे घर चालवणारा छोटा जनरेटरच तेही काम करतो. फक्त पंप सुरू करताना फ्रिज तेवढा बंद ठेवायचा. शहरी पाणीपुरवठ्याचं माप माणशी रोज १३५ लिटर आहे, जलजीवन मिशनमध्ये खेड्यांसाठी ५५ लिटर धरलं आहे. चार माणसांना सढळ हाताने ५४० लिटर लागले तरी दोन हजार लिटर साडेतीन दिवस जातात. टाकी एकदाच बांधायची असते. तिला तेल घालावं लागत नाही, आवाज नाही, आणि मोठ्या जनरेटरचा वाचलेला पैसा तिचा खर्च बहुधा भागवून टाकतो.

मोठी बाग, गोठा किंवा पोल्ट्री असेल तर हा मार्ग पुरणार नाही. तिथे तीन-पाच एचपीच्या मोटरसाठी डिझेल संच लागेलच. पण त्या आधी मोटरला सॉफ्ट स्टार्टर किंवा व्हीएफडी बसवून सुरुवातीचा झटका कमी होतो का ते विचारा. त्याने संचाचा आकार एक पायरी खाली येऊ शकतो.

केव्हीए आणि किलोवॅट एकच नव्हेत, एवढं दुकानात शिरताना लक्षात ठेवा. पॉवर फॅक्टर ०.८ धरला तर ५ केव्हीएचा संच ४ किलोवॅट देतो. छोट्या जनरेटरवर दोन आकडे छापलेले असतात, कमाल आणि सलग चालवण्याचा. विक्रेता मोठा सांगतो. तुम्ही हिशेब लहान आकड्यावर करा.

आणि फार मोठाही घेऊ नका. ‘पुढे एसी लावाल, तेव्हा उपयोगी पडेल’ म्हणून दुप्पट आकाराचा डिझेल संच गळ्यात मारला जातो. डिझेल इंजिन क्षमतेच्या तिसऱ्या हिश्शाहून कमी भारावर तासन् तास चाललं की इंधन पुरतं जळत नाही, काजळी धरते, सायलेन्सरमधून तेलकट काळं ओघळतं, आणि इंजिनाचं आयुष्य घटतं. रात्री दोन पंखे आणि चार दिव्यांसाठी १५ केव्हीएचा संच चालवणं हे इंजिनालाही वाईट आणि खिशालाही.

पेट्रोल की डिझेल

पाच केव्हीएच्या आत आणि वर्षाकाठी थोडेच तास चालवायचा असेल तर पेट्रोल. हलका, उचलून नेता येतो, किंमत कमी. त्यातला ‘इन्व्हर्टर जनरेटर’ हा प्रकार भारानुसार इंजिनाचा वेग कमी-जास्त करतो, आवाज कमी करतो आणि स्वच्छ वीज देतो. लॅपटॉप, वैद्यकीय यंत्र अशा नाजूक वस्तूंसाठी तो चांगला. पंप चालवायचा असेल तर मात्र साधा, पण व्होल्टेज स्थिर ठेवणारा एव्हीआर असलेला जनरेटर त्याच पैशात जास्त झटका सोसतो.

साधा पेट्रोल जनरेटर मिनिटाला ३००० फेऱ्यांनी फिरतो. घरगुती वापराचा मोठा डिझेल संच १५०० फेऱ्यांचा मिळतो. फेऱ्या निम्म्या, झीज कमी, आयुष्य जास्त. दर पावसाळ्यात शेकडो तास चालवायचा असेल तर डिझेलच परवडतं. भारावर असलेला डिझेल संच लिटरमागे तीनेक युनिट देतो. नव्वद रुपये लिटर धरलं तर युनिट तीस रुपयांना पडलं. छोट्या पेट्रोल जनरेटरवर लिटरमागे दोन युनिटही कष्टाने मिळतात, म्हणजे युनिटला पन्नास रुपये. गिझर, इस्त्री, इंडक्शन शेगडी यांना जनरेटरवर जागाच नाही हे यावरून कळेल. पाणी गॅसवर तापवा.

डिझेल संचांचे प्रदूषणाचे नियम १ जुलै २०२३ पासून कडक झाले आणि सीपीसीबी ४ प्लस या मानकाचे संच आले. जुन्या मानकाचा शिल्लक माल ३० जून २०२४ पर्यंतच विकायची मुभा होती. तेव्हा ‘नवाकोरा आहे, स्वस्तात देतो’ म्हणून जुन्या मानकाचा संच कुणी दाखवला तर हात आखडता घ्या. वापरलेला संच घ्यायचाच असेल तर तासमीटर बघा, थंड इंजिन तुमच्यासमोर सुरू करायला लावा, निळसर धूर येतो का ते बघा, आणि खऱ्या मोटरचा भार देऊन अर्धा तास चालवा. रॉकेलवर चालणारे जुने छोटे संच कितीही स्वस्त मिळाले तरी नकोत. घरगुती गॅस सिलिंडर जोडण्याचे जुगाडही नकोत.

इंधन साठवण्याबद्दल थोडं. विक्रीसाठी नसलेलं पेट्रोल तीस लिटरपर्यंत परवान्याशिवाय ठेवता येतं, पण घरात नव्हे. धातूच्या घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये, वेगळ्या हवेशीर खोपटात, चुलीपासून लांब. आजच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते हवेतला दमटपणा ओढून घेतं. आपल्याकडच्या पावसाळ्यात अर्धी भरलेली टाकी दोन-तीन महिने ठेवली तर पाणी खाली बसतं, कार्ब्युरेटर चिकटतो, आणि ऐन गरजेला दोरी ओढून खांदा दुखतो. वापर झाला की इंधनाचा कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालू द्या, म्हणजे कार्ब्युरेटर कोरडा राहतो.

चेंजओव्हरशिवाय जनरेटर चालू करू नका

या लेखातलं एकच काही पाळायचं असेल तर हे पाळा. जनरेटर घराच्या वायरिंगला चेंजओव्हर स्विचशिवाय जोडू नका. दोन्ही टोकांना पिन असलेली वायर करून एक टोक जनरेटरला आणि दुसरं घरातल्या पॉवर सॉकेटला लावायची, मेन स्विच ‘आठवणीने’ खाली पाडायचा, हा प्रकार गावागावांत चालतो. आठवण राहिली नाही तर जनरेटरची वीज मीटरमधून उलटी बाहेर जाते, सर्व्हिस वायरवरून डीपीपर्यंत पोचते, आणि तिथला ट्रान्सफॉर्मर उलटा काम करून २३० व्होल्टचे ११ किंवा २२ हजार व्होल्ट करतो. त्याच वेळी लाइन बंद आहे असं समजून वायरमन भर पावसात खांबावर चढलेला असतो. तुमच्या चार दिव्यांसाठी त्याचा जीव जाऊ शकतो. तो आपल्याच तालुक्यातल्या कुणाच्या तरी घरचा असतो.

चेंजओव्हर स्विच महावितरणची लाइट, बंद आणि जनरेटर अशा तीन जागांचा असतो. दोन्हीकडची वीज एकदम जोडली जाणं त्यात यांत्रिकरीत्याच अशक्य असतं. सिंगल फेजला टू पोल आणि थ्री फेजला फोर पोल घ्या, म्हणजे न्यूट्रलही तुटतो. लाइट अचानक परत आली तरी जनरेटरचा अल्टरनेटर जळत नाही, हा दुसरा फायदा. हे काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्या आणि त्याच्या सहीचा चाचणी अहवाल जपून ठेवा. मोठा संच असेल तर विद्युत निरीक्षक कार्यालयाच्या मंजुरीचं काम कोण करणार, हे दरपत्रकातच लिहून घ्या.

अर्थिंगकडे आपल्याकडे फार दुर्लक्ष होतं. कर्जत-खालापुरात जमीन बऱ्याच ठिकाणी मुरमाड, खाली कातळ. पावसाळ्यात ओल असते तेव्हा अर्थिंग चांगली वाटते. एप्रिलमध्ये मोजली तर रोध भलताच वाढलेला असतो. म्हणून मोजमाप उन्हाळ्यात करून घ्या. जनरेटरच्या सांगाड्याला स्वतंत्र अर्थिंग, आणि घराच्या बोर्डात करंट गळताच वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, या दोन्ही गोष्टी हव्यातच.

जागा

पाऊस लागू नये म्हणून जनरेटर पडवीत ठेवायचा मोह होतो. पावसाळ्यात पडवीला ताडपत्री बांधून ती चहूबाजूंनी बंद केलेली असते. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते आणि माणूस उठत नाही. पडवी, ओटी, न्हाणीघर, जिना, बंद गॅरेज, यांपैकी कुठेही जनरेटर नको. खिडकी उघडी ठेवली तरी नको. घरापासून निदान सहा मीटर लांब, धुराचं तोंड घराच्या आणि शेजाऱ्याच्या उलट दिशेला. वर पत्रा आणि बाजू मोकळ्या असलेली छोटी शेड हवी. झडीचा पाऊस ज्या बाजूने येतो तेवढीच बाजू बंद करा.

चौथरा किती उंच? याचं उत्तर उल्हास किंवा पाताळगंगेच्या काठच्या जुन्या शेजाऱ्याला विचारा. २६ जुलै २००५ ला पाणी कुठवर आलं होतं, २०२१ च्या जुलैत कुठवर, ते त्याला भिंतीवर दाखवता येतं. चौथरा त्या रेषेच्या वर. नदीकाठी प्लॉट घेतलेल्या नव्या लोकांना हे माहीत नसतं आणि बागेच्या कोपऱ्यात दिसेल तिथे संच बसवला जातो.

आवाजाचा विचारही जागा ठरवतानाच करायचा. डिझेल संच कारखान्यातूनच कॅनॉपीसकट येतो, आणि कॅनॉपीपासून एक मीटरवर आवाज ७५ डेसिबलच्या आत असावा लागतो. मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबल उतरतो. म्हणजे सोळा मीटरवर तो ५१ च्या आसपास. निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा मर्यादा ४५ ची आहे. मुंबईहून शनिवार-रविवारसाठी आलेल्यांनी रात्रभर एसीसाठी संच चालवायचा, आणि कुंपणापलीकडच्या ठाकरवाडीतल्या किंवा कातकरवाडीतल्या माणसांनी पहाटे आवणीला जायचं असताना जागं राहायचं, हे मला पटत नाही. संध्याकाळी दोन-तीन तास जनरेटर चालवा, त्यात टाकी भरा, फ्रिज गार करा, इन्व्हर्टरची बॅटरी चार्जिंगला लावा, आणि रात्र इन्व्हर्टरवर काढा. फ्रिजचं दार उघडलं नाही तर तो चारेक तास गार राहतो, त्याला सलग वीज लागत नाही. छोटा जनरेटर आणि इन्व्हर्टर ही जोडी बहुतेक घरांना एका मोठ्या संचापेक्षा बरी. काही इन्व्हर्टर जनरेटरची वीज ‘घेत’ नाहीत. अशा वेळी मागचं बटण यूपीएसवरून नॉर्मल किंवा इको मोडवर करून बघा. त्या मोडमध्ये व्होल्टेजची जास्त मोठी मर्यादा चालते.

शेडच्या बाहेरच्या बाजूला चार-सहा सॉकेटचा एक बोर्ड काढून ठेवा. दोन दिवस लाइट नसते तेव्हा वाडीतल्या फोनना आणि बॅटऱ्यांना चार्जिंग मिळालं तर मदतीला फोन करता येतो. त्याचा जनरेटरवर फारसा भार पडत नाही.

सोलर असेल तर

पीएम सूर्यघर योजना २०२४ मध्ये आली आणि तीन किलोवॅट व त्यावरच्या घरगुती संचाला ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान मिळू लागलं. छतावर पॅनेल चढली की लाइट जाण्याची चिंता मिटली, असा समज झाला आहे. साधा ऑनग्रिड संच लाइट गेली की स्वतःही बंद पडतो. वायरमनच्या सुरक्षिततेसाठी तो तसाच बनवलेला असतो. लाइट नसताना सोलर चालायला हवा असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते. ती घेतली तरी जुलैत सूर्य आठवडा-आठवडा दिसत नाही, म्हणून छोटा जनरेटर हाताशी असू द्या. सोलर आणि जनरेटर यांची वीज एकत्र येणार नाही अशी जोडणी मात्र दोन्ही ठेकेदारांना समोरासमोर बसवून ठरवून घ्या.

घरात ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर कुणी असेल तर सगळा क्रम बदलतो. पाच लिटरच्या यंत्राला तीनशे-चारशे वॅट लागतात. ते साइन वेव्ह इन्व्हर्टरवर कायम जोडलेलं हवं, कारण जनरेटर सुरू होईपर्यंतची मिनिटंही मोलाची. जनरेटर त्याच्या मागे, आणि भरलेला सिलिंडर त्याच्याही मागे. घरात म्हातारी माणसं एकटी असतील तर दोरी ओढायचा संच देऊ नका. सेल्फ स्टार्ट, आणि परवडत असेल तर लाइट गेल्यावर आपोआप सुरू होणारं एएमएफ पॅनेल. मात्र एएमएफवर मोटर थेट ठेवू नका. पाणी संपलं तरी ती कोरडी फिरत राहील.

नेरळ-कर्जतच्या नव्या सोसायट्यांत फ्लॅट घेणाऱ्यांनी बिल्डरला दोनच प्रश्न विचारावेत. संच लिफ्टबरोबर पाण्याचा पंपही चालवतो का, आणि प्रत्येक फ्लॅटला किती अँपिअर मिळणार. उत्तर करारात हवं.

घेताना आणि घेतल्यावर

कंपनी निवडताना जाहिरातीपेक्षा तंत्रज्ञ कुठून येतो ते विचारा. पनवेल, खोपोली, कल्याण की पुण्याहून? जुलैत फोन केला तर किती वेळात? फिल्टर आणि एव्हीआर त्याच्याकडे शिल्लक असतात का? शेजारपाजारी तीच कंपनी असलेल्या दोन घरांत जाऊन पावसाळ्यातला अनुभव विचारा.

बसवल्याच्या दिवशी विक्रेत्याला लगेच जाऊ देऊ नका. मेन स्विच पाडा, चेंजओव्हर जनरेटरवर घ्या, आधी दिवे-पंखे, मग फ्रिज, आणि सगळ्यात शेवटी पंप सुरू करा. पंप सुरू होताना व्होल्टेज किती पडतं आणि किती लवकर सावरतं ते मीटरवर बघा. दिवे क्षणभर मिणमिणले तर चालेल. काटा २०० च्या खाली जाऊन तिथेच राहिला किंवा मोटर हुंकारली, तर संच लहान पडला आहे; सही करण्याआधी बोला.

पुढे दर पंधरा दिवसांनी दहा-पंधरा मिनिटं भारावर चालवा. नुसता मोकळा चालवून उपयोग नाही. भारावर तापला की अल्टरनेटरमधला दमटपणा जातो. छोट्या पेट्रोल इंजिनाचं पहिलं ऑइल वीस तासांनी, नंतर दर शंभर तासांनी किंवा सहा महिन्यांनी बदलतात. सेल्फ स्टार्टची बॅटरी पडून राहिली की उतरते, तिला छोटा चार्जर कायम लावा. भात कापणीनंतर उंदीर शेड शोधत येतात आणि वायरी कुरतडतात, म्हणून केबलची तोंडं जाळीने बंद करा.

हे सगळं मे महिन्यासाठी ठेवू नका. तेव्हा प्रत्येकाला जनरेटर हवा असतो, तंत्रज्ञ मोकळा नसतो आणि चौथरा ओला असतानाच संच चढवला जातो. जानेवारी-फेब्रुवारीत काम काढलं तर सिमेंट मुरतं, अर्थिंगचं माप एप्रिलमध्ये परत घेता येतं, आणि पहिला वळीव येण्याआधी पंप दोन-चारदा जनरेटरवर उचलून बघता येतो.